घरच्या घरी पौंडाचा केक



आज मी तुम्हांला फळांचे तुकडे घातलेल्या एका साध्या केकची कृती सांगणार आहे. केक म्हटला की पुष्कळ भगिनी म्हणतील, "ते काम बेकरीवाल्याचं. आमच्याकडे कुठली आली भट्टी?" त्यांना मी एकच विचारते : तुमच्या आजीने कधी धोंडस केले होते का? पिकलेले तवसे, म्हणजे मोठी काकडी, किसायची, त्यात तांदळाचा रवा नि गूळ घालायचा, पातेले चुलीवर ठेवायचे आणि झाकणावर निखारे घालायचे. खाली विस्तव, वर विस्तव. कोकणातल्या घरांनी हा केकच केला, फक्त त्याला केक म्हटले नाही. तेव्हा भट्टी नाही ही सबब मी आज ऐकणार नाही.

पण कृतीच्या आधी थोडी घरची गोष्ट सांगते, कारण मी हा केक पुस्तकातून शिकले नाही.

माझे लहानपण ठाण्याला गेले. ठाण्याचा मासुंदा तलाव तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. तलावाच्या एका बाजूला कौपिनेश्वराचे देऊळ, दुसऱ्या बाजूला संत जॉन बाप्टिस्टचे जुने चर्च. हे चर्च मूळचे सोळाव्या शतकातले, पोर्तुगीज अमलातले. १७३७ साली मराठ्यांनी ठाणे घेतले, १७३९ साली वसई घेतली आणि तो अंमल संपला. राज्य गेले, पण त्या काळात ख्रिस्ती झालेली इथली माणसे इथेच राहिली. भाषा मराठीच राहिली. १८८७ सालापासून ही मंडळी स्वतःला 'ईस्ट इंडियन' म्हणवू लागली. नाव इंग्रजी, पण शेत, मीठ, मासळी नि बोली इथलीच.

आमच्या चाळीला लागूनच अशा एका कुटुंबाचे घर होते. दिवाळीला आमच्याकडून त्यांच्याकडे फराळाचे ताट जाई. नाताळला त्यांच्याकडून ताट येई. त्यात कुलकुल असत, न्हेवऱ्या असत आणि मधोमध केकच्या दोन जाड फोडी. आता खरे सांगते. ते ताट आमच्या घरात आनंदाने घेतले जाई, पण केक खाल्ला जात नसे. आजीचे सोवळे होते, केकमध्ये अंडी होती. कुलकुल आम्हां मुलांना मिळत आणि केक गुपचूप दुसऱ्या कुणाला दिला जाई. ताट मात्र धुऊन, त्यात मूठभर साखर घालून परत जाई, कारण रिकामे ताट परत करू नये ही आपल्याकडची रीत.

एका वर्षी नोव्हेंबरात त्या घरचे यजमान वारले. नाताळ आला. दुःखाच्या घरी गोडधोड करीत नाहीत, म्हणून त्या वर्षी ताट आले नाही. आपल्याकडे ज्या घरी मृत्यू झाला त्या घरी शेजारी पिठले-भात नेऊन देतात. तो आईने नेऊन दिलाच होता. पण नाताळच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "इतकी वर्षं त्यांच्याकडून केक आला. या वर्षी तो आपल्याकडून जायला हवा." आजी काही वेळ बोलली नाही. मग एवढेच म्हणाली, "पातेलं वेगळं घे आणि मागच्या पडवीत कर."

आईने नळावरच्या गप्पांत अनेकदा कृती ऐकली होती. चारही जिन्नस सारख्या वजनाचे घ्यायचे, एवढे तिच्या ध्यानात होते. बाकी सारे अंदाजाने. केक झाला, पण मध्ये खोलगट बसला. मनुका नि पपईचे तुकडे सगळे तळाला गेले. खालची बाजू करपली. चव कशी आहे ते तिला कळायला मार्ग नव्हता, कारण ती स्वतः अंडे खात नसे. तरी तिने तो ताटात घालून नेला. मी बरोबर होते. शेजारच्या मावशींनी एक फोड तोडली, खाल्ली, डोळ्याला पदर लावला आणि मग आईला म्हणाल्या, "बाय, पुढल्या खेपेला झाकण मधेच उघडू नको." दोघी रडत होत्या नि हसतही होत्या.

त्यानंतर मावशींनी आईला हा केक नीट शिकवला आणि आईने मला. तेव्हा आज मी जी कृती सांगणार आहे, ती त्या फसलेल्या केकच्या तीन चुका समोर ठेवूनच सांगते. केक खाली का बसला, फळे तळाला का गेली आणि बूड का करपले?

आधी नाव. पौंड हे इंग्रजी वजन, सुमारे ४५४ ग्रॅमचे. एक पौंड पीठ, एक पौंड लोणी, एक पौंड साखर, एक पौंड अंडी, म्हणून हा पौंडाचा केक. इंग्लंडात हॅना ग्लास या बाईंचे पाकशास्त्राचे पुस्तक १७४७ साली निघाले, त्यातही तो आहे, आणि मिश्रण तासभर फेटावे असे तिथे बजावले आहे. फ्रान्समध्ये अशाच केकला 'चार चतुर्थांश' या अर्थाचे नाव आहे. ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हते त्यांनाही हे प्रमाण तोंडपाठ राही. पौंड आपल्याकडून गेला. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, १९५८ पासून किलोग्रॅम आले. पण या केकला त्याने काही बिघडले नाही, कारण त्यातला महत्त्वाचा शब्द 'पौंड' नव्हे, 'सारखे' हा आहे.

म्हणून गावाकडच्या भगिनींना मी एक जुनी युक्ती सांगते. वजने शोधूच नका. घरातली तागडी घ्या. आधी पासंग पाहा, दोन्ही पारडी समान हवीत. एका पारड्यात चार अंडी सांभाळून ठेवा. दुसऱ्या पारड्यात साखर घाला, काटा बरोबर झाला की साखर काढून घ्या. मग तसेच लोणी तोला, मग मैदा. झाले प्रमाण. बाजारातली चार अंडी साधारण दोनशे ग्रॅम भरतात. गावठी कोंबडीची अंडी लहान असतात, पण मग बाकीचे जिन्नसही आपोआप तेवढेच कमी येतात. अंडी हीच वजने, हिशेब चुकायला जागाच नाही. गुरुजी नि बाई ऐकत असतील, तर समप्रमाणाचा धडा वर्गात शिकवायला याहून सोपे साधन मला तरी ठाऊक नाही.

आता जिन्नस नीट लिहून घ्या. मैदा दोनशे ग्रॅम, बिनमिठाचे लोणी दोनशे ग्रॅम, दळलेली साखर दोनशे ग्रॅम, अंडी चार. बेकिंग पावडर अर्धा लहान चमचा, सपाट भरून. जुन्या कृतीत ती नसे, सारी मदार फेटण्यावर असे, पण नवशिक्यांनी घालावी. किसलेले जायफळ नि वेलदोड्याची पूड चिमूट चिमूट. आणि फळे सगळी मिळून दीडशे ग्रॅम : टुटी-फ्रुटी, मनुका, काजूचे तुकडे, मिळाल्यास संत्र्याची पाकवलेली साल.

लोणी घरचे असेल तर उत्तमच. मात्र ते गार पाण्याने दोन-तीनदा धुऊन ताक पुरते काढून टाका आणि पाणी दाबून काढा. फक्त तूप असेल तर एक लक्षात ठेवा. लोण्याचा सुमारे पाचवा हिस्सा पाणी नि ताकाचा अंश असतो, तुपात तो नसतो. म्हणून दोनशे ग्रॅम लोण्याच्या जागी एकशे साठ ग्रॅम तूप आणि दोन-तीन मोठे चमचे दूध घ्या. तूप थिजलेले, रवाळ हवे, पातळ नको.

ही टुटी-फ्रुटी म्हणजे काय, ठाऊक आहे? दुकानातल्या त्या लाल-हिरव्या चौकोनी तुकड्यांना लोक परदेशी मेवा समजतात. ती आपली परसातली कच्ची पपई! वाऱ्याने झाड मोडले, कच्ची फळे खाली आली, तर ती फेकू नका. हाताला तेल लावून साल काढा, कारण कच्च्या पपईचा चीक अंगावर खाजतो. बिया नि आतला मऊ भाग काढून हरभऱ्याएवढे तुकडे करा. असे अर्धा किलो तुकडे उकळत्या पाण्यात घालून, कडा पारदर्शक दिसू लागेपर्यंत शिजवा नि निथळा. अर्धा किलो साखर नि पेलाभर पाण्याचा पाक करा, त्यात तुकडे घालून मंद आचेवर एकतारी येऊ द्या. अर्धे लिंबू पिळा, म्हणजे साखर पुन्हा दाणेदार होणार नाही. रात्रभर तसेच झाकून ठेवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा आटवून पाक दोनतारी करा. रंग हवा तर खाण्याचाच घाला, नाहीतर बिटाचा रस चालतो. मग चाळणीवर निथळून जाळीखाली सावलीत दोन दिवस वाळवा.

एकदम दाट पाकात का घालू नयेत? कारण मग तुकड्यातले पाणी झपाट्याने बाहेर येते, साखर तितक्या वेगाने आत जात नाही आणि तुकडा सुरकुततो. हळूहळू केले तर साखर आतवर मुरते, फोड टवटवीत राहते आणि टिकते. मोरांब्याचे शास्त्र तेच इथले. हे काम मात्र हिवाळ्यात नाहीतर उन्हाळ्यात करा. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या पावसाळी हवेत हे तुकडे वाळत नाहीत, चिकट राहतात नि बुरसतात.

गंमत अशी, की पपई, काजू, अननस ही फळे पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्याकडे आली आणि त्यांची नावेही. 'पाव' हा शब्द त्यांचाच, 'नाताळ'ही त्यांचाच. एवढेच काय, आपण सिमेंट-वाळू उचलतो ते 'घमेले'ही त्याच भाषेतले. त्या घमेल्याचे आपल्याला पुढे काम आहे.

फळांची तयारी आदल्या रात्री करा. मनुका धुऊन, पुसून, संत्र्याच्या रसात नाहीतर कोऱ्या चहाच्या पाण्यात भिजत घाला. कल्याणच्या रेल्वे वसाहतीत पूर्वी अँग्लो-इंडियन कुटुंबे राहत. रेल्वे ठाण्याला १८५३ साली आली नि कल्याणला पुढल्याच वर्षी, आणि तिच्या नोकरीबरोबर ही मंडळी आली. त्यांच्याकडे नाताळच्या केकची फळे पुष्कळ आधीपासून रममध्ये भिजत पडत. आपल्याला त्याची गरज नाही. संत्र्याच्या रसाने मनुका तितक्याच फुगतात. सकाळी निथळून फडक्यावर कोरड्या करा.

आता फेटणे. हाच या केकचा प्राण. परातीत लोणी नि साखर घ्या आणि तळहाताने किंवा लाकडी डावाने एकाच दिशेने फेसा. नानकटाईला आपण तूप-साखर फेसतो ना, तसेच. साखरेच्या बारीक कणांमुळे लोण्यात हवेचे असंख्य बुडबुडे अडकतात. तेच पुढे उष्णतेने फुगतात नि केक वर उचलतात. लोणी पिवळे होते ते पांढरे, हलके झाले की समजा. त्याचा चिमटीभर गोळा पाण्यात टाकला की तरंगावा. हाताने वीस मिनिटे तरी लागतात. मे महिन्यात लोणी वितळू लागले तर परात गार पाण्यावर धरा, कारण पातळ लोण्यात हवा ठरत नाही.

मग अंडी. प्रत्येक अंडे आधी वाटीत फोडा, वास पाहा, मग परातीत घाला. खराब निघाले तर एकच वाया जाते, सारे मिश्रण नाही. एका वेळी एकच अंडे घाला, ते पुरते मिसळले की दुसरे. अंडी गार नसावीत. मिश्रण फाटल्यासारखे दिसले तर घाबरू नका, चमचाभर मैदा टाकून फेटा, सावरते.

मैदा बेकिंग पावडर घालून तीनदा चाळा. आपल्या दमट हवेत बेकिंग पावडर लवकर मरते. चिमूटभर गरम पाण्यात टाका. फसफसली तर जिवंत, नाहीतर फेकून द्या. त्यातला एक चमचा मैदा फळांना चोळून ठेवा. बाकीचा तीन हप्त्यांत, हलक्या हाताने वरखाली करून मिसळा. इथे मळू नका, रगडू नका. पोळीच्या कणकेला आपण मळून चिवटपणा आणतो, केकला तोच नको असतो. शेवटी फळे घाला.

फळे तळाला का जातात, हे आता कळेल. आईचे मिश्रण पातळ होते, कारण लोणी तिने वितळवून घातले होते, आणि मनुका ओल्या, पपईचे तुकडे मोठे. मैदा चोळल्याने थोडी मदत होते, पण खरा आधार दाट मिश्रणाचा. चमच्यातून ते धारेने न पडता थबकन पडले पाहिजे. तुकडे हरभऱ्याएवढे नि कोरडे असले तर ते जागच्या जागी राहतात.

आता भाजणे. सुमारे अठरा सेंटिमीटर रुंदीचा, उंच काठाचा डबा घ्या. आतून लोणी लावून तळाला कागद घाला आणि मिश्रण दोन-तृतीयांशच भरा. विजेचा ओव्हन असेल त्यांनी एकशे साठ अंशांवर तासभर भाजावे. नसेल त्यांनी जाड बुडाचे मोठे पातेले किंवा लोखंडी घमेले घ्यावे. धुऊन वाळवलेली वाळू त्यात दोन बोटे पसरा, मधोमध लोखंडी तिवई ठेवा, वर जड झाकण. बूड का करपते? डबा थेट तापल्या पत्र्यावर बसतो म्हणून. वाळू आच सगळीकडे सारखी पसरवते आणि तिवई डबा अधांतरी धरते. कुणी यासाठी प्रेशर कुकर वापरतात. वापरलाच तर त्यातली रबरी कडी आणि शिट्टी काढल्याशिवाय चुलीवर चढवू नका, झाकण आवळू नका नि नवा कुकर तर मुळीच घेऊ नका, कोरड्या आचेने तो खराब होतो.

पातेले झाकून पंधरा मिनिटे आधी तापवा. आच पाहायला पत्र्याच्या झाकणीत चमचाभर मैदा ठेवा. पाच मिनिटांत बदामी झाला तर आच ठीक, तपकिरी काळपट झाला तर जास्त. मग डबा आत ठेवा, आच मंद करा. चूल असेल तर झाकणावर थोडे निखारे घाला, म्हणजे वरूनही रंग येईल. आणि आता पाऊण तास झाकणाला हात लावायचा नाही. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, अशी इथे अनेकींची गत होते. आतले बुडबुडे फुगलेले असतात, पण त्यांच्या भिंती अजून ओल्या असतात. झाकण उघडले, गार हवा आत गेली, की बुडबुडे आकसतात नि केक मध्ये बसतो. अंडी नि मैदा शिजून भिंती पक्क्या झाल्या, मग भीती नाही. आईचा केक असाच बसला होता, तिने काळजीने तीनदा उघडून पाहिले होते.

पाऊण तासाने विणायची सुई मधोमध खुपसून पाहा. कोरडी निघाली तर झाले, ओली असेल तर आणखी दहा-पंधरा मिनिटे. खाली काढून दहा मिनिटे डब्यातच राहू द्या, मग चाळणीवर पालथा घाला. गरम असताना कापू नका, चुरा होईल. दुसऱ्या दिवशी याची चव अधिक मुरते. घट्ट झाकणाच्या डब्यात थंडीत आठवडाभर टिकतो, पावसाळ्यात दोन-तीन दिवसांत संपवा. आणि फोड पातळ कापा. इतके लोणी नि साखर ही सणाची चैन आहे, रोजची न्याहारी नव्हे.

ज्यांच्याकडे अंडे चालत नाही, त्यांनी संकोच करू नये. दही नि सोड्याचा केक करावा, तोही चांगला होतो. पण तो वेगळा पदार्थ, त्याचे प्रमाण वेगळे. या कृतीतून नुसती अंडी वगळलीत तर फसगत होईल, एवढे सांगून ठेवते. आणि पहिल्या खेपेला बिघडला तर पातेल्याला दोष देऊ नका. नाचता येईना अंगण वाकडे, असे व्हायला नको. लोणी पातळ होते का, झाकण उघडले का, आच जास्त होती का, हे तीन प्रश्न स्वतःला विचारा आणि दुसऱ्यांदा करा.

आमच्या आजीने तो केक अखेरपर्यंत खाल्ला नाही. तिचा नेम तिने पाळला. पण पुढल्या नाताळला शेजारून ताट आले, तेव्हा त्यातल्या फोडी गुपचूप बाहेर गेल्या नाहीत. तिने स्वतः आम्हां मुलांना हाक मारली आणि म्हणाली, "घ्या, मावशींनी केलाय. पडवीत बसून खा, नि हात धुऊन या." आमच्या घरात त्याहून मोठा बदल मी पाहिला नाही. तो कुणाच्या व्याख्यानाने झाला नाही, एका खाली बसलेल्या, बुडाला करपलेल्या केकने केला.

तेव्हा भगिनींनो, केक जमेल तेव्हा पहिली फोड घरात कापू नका. ताटात घालून शेजारी न्या. ज्या घरी अंडे चालत नाही तिथे धोंडस न्या, ज्या घरी चालते तिथे केक न्या. आणि ताट परत येईल तेव्हा त्यात काय असेल, ते ज्याच्या त्याच्या घरच्या रीतीवर सोडा.